दाबायचे राहिलेले हात

विजापूर वेशीच्या मागच्या गल्ल्यांत कुणाकडं बाळंतपण झालं, की पेढ्यांच्या आधी हुसेनबीला निरोप जातो. ती येते, बुरखा काढून खुंटीला अडकवते, बाह्या कोपरापर्यंत सरकवते आणि बाळाकडं न बघता आधी बाळंतिणीकडं बघते. "कंबर कुठं धरती, दाखव बेटी," म्हणते. बाळंतीण हात मागं नेऊन दाखवायला लागेपर्यंत हुसेनबीचा अंगठा त्या जागेवर पोचलेला असतो.

सकाळी बाळ-बाळंतिणी, दुपारी विड्या वळणाऱ्या बायका. दिवसभर मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून बसलेल्या या बायकांच्या माना लाकडासारख्या झालेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच जणी तेलुगू बोलणाऱ्या. हुसेनबीला तेलुगू येत नाही, आणि तिची दखनी त्यांना अर्धीच कळते. पण "हितं?" असं विचारायला एक बोट पुरतं आणि "हां, तिथंच" असं सांगायला एक कण्हणं.

हा हुन्नर तिच्या आईचा. आई अक्कलकोटची, कानडी आणि दखनी दोन्ही सारख्याच सहजपणे बोलणारी. ती लहानग्या हुसेनबीला डोळे मिटून कणीक मळायला लावायची. कणकेत कोरडी गुठळी कुठं राहिली ते डोळ्यांना नाही, बोटांना कळलं पाहिजे, असा तिचा हट्ट. पुढं अंग चोळायला शिकवताना आईनं एक गोष्ट मात्र कुणालाच सांगायची नाही असं बजावून दिली होती. हातांची मालिश संपली की समोरच्याची बोटं एकेक करून मिटवायची, करंगळीपासून सुरुवात करून अंगठा सगळ्यात शेवटी, आणि ती मूठ आपल्या दोन्ही तळव्यांत थोडा वेळ धरून ठेवायची. "का?" असं हुसेनबीनं विचारलं तेव्हा आई म्हणाली, "दिलेलं सांडू नये म्हणून."

हुसेनबीचं लग्न नबीसाबशी झालं. नबीसाब अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर होता. सायकलवर जायचा, सायकलवर यायचा. मागावरच्या माणसाला दिवसभर वाकून तुटलेले धागे जोडावे लागतात, धाग्यांचा जड बीम उचलावा लागतो, आणि एकाच अंगावर भार टाकून तासन्‌तास उभं राहावं लागतं. लग्नाला वर्ष होण्याआधीच त्याच्या उजव्या खांद्यामागं, फऱ्याखाली एक गाठ बसली होती. आणखी एक गोष्ट त्यानं मागावरून घरी आणली, ती म्हणजे मोठा आवाज. खटखटाटात राहून राहून तो साधं "पाणी दे"सुद्धा गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचा.

संध्याकाळी हातपाय धुऊन तो चटईवर पालथा पडायचा आणि हुसेनबी करडईच्या तेलात लसूण-ओवा तडतडवून घेऊन यायची. एरवी तो फारसं बोलायचा नाही. पण पाठीवर तेल पडलं, की जमिनीकडं तोंड करून त्याला बोलणं सुचायचं. कुणाचं लग्न ठरलं, सायकलची चेन कशी उतरली, शाइस्ताच्या शाळेतल्या बाईंनी वाटेत थांबवून काय सांगितलं. शाइस्ता त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं बालपण, तिचं शिक्षण, तिची सोयरीक, सगळे विषय त्या पाठीवरच बोलून झाले. शेवटी हुसेनबी त्याचे हात घ्यायची, दाबायची, बोटं मिटवायची, मूठ धरायची. तोवर त्याला झोप लागत आलेली असायची.

एकदा मात्र तो झोपला नाही. शाइस्ताचं लग्न होऊन ती होटगी रोडला सासरी गेल्यानंतरची गोष्ट. घर रिकामं झालं होतं. त्या दिवशी हुसेनबीनं दोन बाळंतिणी आणि एका पडलेल्या म्हातारीची मालिश केली होती. परातीत पीठ घेतलं तर तिच्याच्यानं मळवेना. नबीसाबनं ते पाहिलं. उठून बसला, म्हणाला, "हात दे ना इधर."

ती हसली. पण हात दिला. त्यानं तो असा धरला, की जणू तुटलेला धागा जोडायचाय. अंगठा नेमका हाडावर टेकवला आणि सगळं बळ लावून दाबला. हुसेनबीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अल्ला! तुमकू नै आता जी. छोडो," ती म्हणाली आणि हात ओढून घेतला.

तो थोडा वेळ स्वतःच्या अंगठ्याकडं बघत राहिला. मग बाजारातून भाकरी आणायला गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी कोरोना आला. माग बंद पडले, गल्लीच्या तोंडाला बांबू लागले. हुसेनबीला कुणी घरात घेईना आणि तिनंही कुणाकडं जायचं नाही असं ठरवलं. तान्ह्या बाळाजवळ बाहेरचा हात नको. आयुष्यात पहिल्यांदा दोघं दिवस दिवस एका खोलीत बसून राहिले. नबीसाबला खटखटाट नसलेल्या हवेत करमत नव्हतं. त्या दिवसांत त्यानं पुन्हा तसंच म्हटलं, एकदा नाही, दोन-तीनदा. "हात दे ना."

"आता कुठलं काम आहे?" हुसेनबी म्हणायची. "हात दुखतच नाहीत. तुम्हीच पडा, तुमची पाठ बघते."

आणि तो पालथा पडायचा.

माग पुन्हा सुरू झाले. माणसांनी हुश्श केलं, आणि दुसरी लाट आली. नबीसाबला ताप आला तो उतरेना. शाइस्ताच्या नवऱ्यानं धावपळ करून दवाखान्यात जागा मिळवली. दारातून स्ट्रेचर आत नेताना हुसेनबीनं त्याच्या पायाला हात लावायला हात पुढं केला, तर तिथल्या नर्सनं, जी स्वतःच रडायच्या बेताला आली होती, लांबूनच दोन्ही हातांनी तिला थांबवलं. नर्सचा काही दोष नव्हता. सगळ्यांनाच तसं करावं लागत होतं. नबीसाबनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं, तोंडावरच्या मास्कच्या आड काहीतरी बोलला. इतकी वर्षं मोठ्यानं बोलणारा माणूस, पण त्या दिवशीचं त्याचं बोलणं ऐकू आलं नाही.

त्यानंतर तिनं त्याला पाहिलं ते प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. गुसलची आंघोळ नाही, अत्तर नाही. ज्या पाठीचा मणका अन् मणका तिला ठाऊक होता, त्या पाठीवरून शेवटचं पाणीसुद्धा कुणाला घालता आलं नाही. घरी आल्यावर गळ्यात पडून रडायलाही कोणी आलं नाही. लोक यायचे, दारातच उभे राहायचे, कपाळाला हात लावून काही म्हणायचे आणि जायचे. शाइस्ता आली तीसुद्धा उंबऱ्याच्या पलीकडं बसून रडली; तिच्या पोटात बाळ होतं.

दिवस सरले. लोक पुन्हा एकमेकांच्या घरात जाऊ लागले. हुसेनबीला निरोप येऊ लागले आणि ती कुणालाच नाही म्हणेना. सकाळ, दुपार, संध्याकाळ, मिळेल त्या अंगावर तिचे हात चालू लागले. शाइस्ता म्हणायची, "अम्मी, जरा दम घे." हुसेनबीला दम घ्यायचा नव्हता. हात रिकामे राहिले की त्यांना एक पाठ आठवायची. मनाला आठवणं वेगळं, ते तिनं आवरलं होतं. कुराण पढायची, नातवाला खेळवायची, हसायचीसुद्धा. पण तळवे ऐकत नसत. चटईवर बसलेली असली, की उजवा तळवा आपोआप पालथा होऊन जमिनीवर टेकायचा आणि बोटं किंचित पसरायची, फऱ्याखालची ती गाठ शोधल्यासारखी. ध्यानात आलं की ती हात उचलून मांडीखाली घ्यायची.

शेवटी तोच हात अडला. एका सकाळी बुरखा घालायला गेली तर उजवा हात खांद्याच्या वर जाईना. तिनं तेल लावून पाहिलं, शेक देऊन पाहिला, डाव्या हातानं चोळून पाहिलं. उलट दुखणं वाढलं. वेणी घालता येईना. तिला बाळंतिणीच्या घरून न्यायला आलेल्या माणसाला पहिल्यांदा "दुसरी बघा" असं सांगावं लागलं.

शाइस्तानं ऐकलं नाही, तिला अक्कलकोट रोडवरच्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणजे अंकिता नावाची तरुण मुलगी, वळसंगच्या शेतकऱ्याची. तिनं खांदा हळूहळू फिरवून पाहिला, कुठपर्यंत जातो ते बघितलं आणि विचारलं, "खाला, शुगर तपासलीय का कधी?"

शुगर निघाली. खांदा आखडतो तो कधी कधी त्यामुळंही, असं अंकितानं समजावलं. गोळ्या सुरू झाल्या. भिंतीवर बोटांनी पाल चढल्यासारखं वर वर जायचं, कप्पीच्या दोरीनं हात वर ओढायचा, असे व्यायाम आले. आणि मग एक दिवस अंकितानं तिला टेबलावर झोपवलं.

"सैल सोडा खाला."

"सोडलाय की."

"नाही सोडला. मी धरलाच नाही अजून, तुम्हीच धरून ठेवलाय."

हेच वाक्य हुसेनबी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आली होती. तिनं डोळे मिटले. अंकिताचा एक हात फऱ्याखाली गेला, दुसऱ्यानं तिनं कोपर पेललं, आणि खांद्याच्या सांध्यात अगदी थोडी, दिसणारही नाही इतकी हालचाल सुरू झाली. हात जाणता होता. घाई नव्हती त्याला. कुठं थांबायचं ते कळत होतं. हुसेनबीनं मनात "वाह" म्हटलं, आणि त्याच क्षणी तिचे डोळे भरून कानाच्या पाळ्यांपर्यंत वाहायला लागले.

अंकिता थांबली. "दुखलं का?"

"न्हाय बेटी. तू कर."

नंतर चहा घेताना तिनं आपणहून सांगितलं. "मला हात लावून लई दिवस झाले कुणी. मीच लावते सगळ्यांना."

अंकितानं तिच्याकडं पाहिलं आणि नुसती बिस्किटाची बशी तिच्याकडं सरकवली.

खांदा सुटायला वेळ लागला, पण सुटला. त्या काळात हुसेनबीला एक नवल वाटायचं. अंकिताच्या हातानं दुखणं कमी व्हायचं, झोप लागायची, आणि तरी घरी परतताना रिक्षात बसल्यावर मनात यायचा तो नबीसाबचा हाडावर टेकलेला, चुकलेला अंगठा. इतका चांगला हात मिळूनही जीव त्या अडाणी हातासाठी तुटायचा. आपण तो ओढून का घेतला? दुखलं तर दुखलं असतं. हाडच होतं, मोडलं थोडंच असतं?

बरी झाल्यावर अंकितानं तिला विचारलं, "खाला, माझ्याकडं येणाऱ्या बायकांसाठी तुम्ही येत जा ना. मी व्यायाम घेते, तुम्ही मालिश बघा." हुसेनबी आनंदानं तयार झाली. कुठं दाबायचं नाही, कुठल्या सुजेवर तेल चोळायचं नाही, रक्ताची गुठळी म्हणजे काय, हे तिनं अंकिताकडून ऐकून घेतलं. ओल्या बाळंतिणीचं पोट कसं बांधायचं ते अंकितानं तिच्याकडून बघून घेतलं. दोघींचं चांगलं जमलं.

एक दिवस अंकिता म्हणाली, "आमच्या वळसंगला एक मावशी आहे, मल्लव्वा. अर्धांगवायू झालाय, डावी बाजू गेलीय. मी गावी गेले की व्यायाम घेते, पण तिला रोज कुणीतरी हात लावायला पाहिजे. तिच्या नवऱ्याला शिकवाल का? येता माझ्याबरोबर?"

हुसेनबी गेली. रस्त्यालगत ज्वारी उभी होती. गावातलं घर साधं, पुढं पत्र्याचा सोपा. सोप्यात खाटेवर मल्लव्वा पडलेली, कपाळावर विभूतीची पट्टी, तोंड जरासं एका बाजूला ओढलेलं, पण डोळे जिवंत. तिला मराठी थोडीच यायची, आणि आजारानंतर कानडीतलेही मोजकेच शब्द उरले होते. हुसेनबीनं आईच्या कानडीत "अक्का, नोवु एल्ली?" म्हणजे दुखतं कुठं, असं विचारल्यावर त्या डोळ्यांत एकदम ओळख आली. उजव्या हातानं तिनं डाव्या हाताकडं बोट केलं. मग छातीकडं.

तिचा नवरा सोमलिंग बाहेरून हातपाय धुऊन आला. उंच, वाकलेला म्हातारा, आवाज गरजेपेक्षा मोठा. "मॅडम, लई बरं झालं आलात," तो अंकिताला म्हणाला, आणि हुसेनबीकडं बघून हात जोडले. अंकितानं पायाचे व्यायाम करून दाखवले आणि म्हणाली, "काका, आता खाला तुम्हाला हात कसा चोळायचा ते शिकवतील. मी जरा घरी आईला भेटून येते." तिचं घर पलीकडच्याच आळीत होतं.

हुसेनबीनं वाटीत तेल ओतलं. "आधी तुम्ही कसं करता ते दाखवा भाऊ. मग मी सांगते."

सोमलिंग खाटेच्या कडेला बसला. मल्लव्वाचा निर्जीव डावा हात त्यानं आपल्या मांडीवर घेतला. तेल आधी स्वतःच्या तळव्यांवर चोळून कोमट केलं. अंगठा मनगटाच्या आतून सुरू करून, हाड चुकवून, मांसल भागावरून गोल गोल पुढं नेला. प्रत्येक बोट मुळापासून टोकापर्यंत ओढून काढलं. हुसेनबी बघत राहिली. शिकवायचं काही उरलंच नव्हतं. "लई चांगलं करता की," असं ती म्हणणार, इतक्यात सोमलिंगनं मल्लव्वाची करंगळी मिटवली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. मग तर्जनी. शेवटी अंगठा. आणि ती मूठ त्यानं आपल्या दोन्ही तळव्यांत धरून ठेवली.

हुसेनबीच्या हातातली वाटी कलंडली. तेल चादरीवर सांडलं.

"हे... हे शेवटचं कुणी शिकवलं तुम्हाला?"

"हे व्हय?" सोमलिंग हसला. "आमच्या मागावर एक दोस्त व्हता. माझ्या शेजारच्याच मागावर. त्याची खोड ही. गेला बिचारा कोरोनात. नबीसाब म्हणून."

हुसेनबी खाली बसली. सोमलिंगला काहीच कळेना. पाणी आणायला तो उठला, तर तिनं हातानंच त्याला थांबवलं.

"मी त्यांचीच..." ती म्हणाली. "विजापूर वेस. शाइस्ताची अम्मी."

सोमलिंगनं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. "भाभी," तो म्हणाला. "तुमी व्हय त्या भाभी."

मग त्यानं सांगितलं. मोठ्या आवाजात, मागावर बोलल्यासारखं.

"एक दिवस आला आणि जेवायच्या सुट्टीत माझा हातच धरला. म्हणतो, सोम्या, गप बस, मला शिकायचंय. मी म्हणलं, येडा झाला काय? तर म्हणतो, बायकोचा हात दाबायला गेलो तर ती वरडली. ती समद्या गावाला बरं करती आणि तिचा हात मला दाबता येईना. मग काय भाभी, रोज जेवण झालं की हेच. मला दाबायचा, मग म्हणायचा, आता तू माझा दाब, मला कुटं दुखतंय बघू दे. भाभी कशी दाबती ते आठवून आठवून करायचा. चुकलं की पुन्हा. पोरं हसायची आमाला. म्हणायची, दोघं म्हातारे लग्न करनार हाईत." तो हसला, आणि हसता हसता थांबला. "शेवट शेवट लई झकास जमलं त्याला. तवर ते लॉकडाऊन लागलं. मी म्हणलं बरं झालं, आता घरीच हाय, दाबंल पोटभर. दाबला आसंल की, भाभी? कसा दाबायचा?"

अंगणात कोंबड्या मातीत उकरत होत्या. मल्लव्वा खाटेवरून एकटक बघत होती.

"दाबायचे," हुसेनबी म्हणाली. "लई छान दाबायचे. झोप लागायची मला."

"बघा!" सोमलिंगनं मांडीवर थाप मारली. "मला ठावंच व्हतं."

तेवढ्यात मल्लव्वानं उजवा हात हलवला. तिला काही म्हणायचं होतं. ओठ जुळवायला तिला वेळ लागला. "कै," ती म्हणाली. मग पुन्हा, हुसेनबीकडं बोट करून, "अक्कन कै."

अक्काचा हात. सोमलिंगला आधी कळेना. मल्लव्वानं चिडून पुन्हा तेच म्हटलं आणि नवऱ्याच्या हाताकडं बोट केलं. मग त्याला कळलं. तो गोंधळला. त्यानं आपल्या तेलकट तळव्यांकडं पाहिलं, हुसेनबीकडं पाहिलं, आणि खाली मान घालून, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, हळू आवाजात म्हणाला, "ती म्हनती, भाभीचा पन हात दाबून द्या. तुमची मर्जी आसंल तर. भावाचा हात समजा."

नबीसाबच्या हातांनी शिकलेलं सगळं त्या तळव्यांत होतं. हाड कसं चुकवायचं, किती जोर लावायचा, कुठं थांबायचं. ज्यासाठी तिचा जीव इतकी वर्षं तुटत होता ते एका हाताच्या अंतरावर होतं. हुसेनबीचा उजवा हात मांडीवरून थोडा उचलला गेलासुद्धा.

"नको भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही यांचं करा."

तिनं सांडलेलं तेल फडक्यानं पुसलं, मल्लव्वाच्या खांद्याखाली उशी कशी ठेवायची ते सोमलिंगला दाखवलं, हात लोंबता ठेवू नका म्हणून सांगितलं. अंकिता न्यायला आली तेव्हा हुसेनबी मल्लव्वाच्या कपाळावरून हात फिरवत बसली होती.

परतीच्या वाटेवर अंकितानं विचारलं, "खाला, गप्प का?"

"ऊन लागलं," हुसेनबी म्हणाली.

घरी येऊन ती चटईवर बसली. डाव्या हातानं उजवा हात धरून पाहिला. मनगटाच्या आतून अंगठा फिरवला, बोटं ओढली. स्वतःचा हात स्वतःला दाबता येतो, पण त्यात काही येत नाही. देणाराही तोच, घेणाराही तोच. तिनं हात सोडून दिला. नको का म्हटलं, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. लाज होती, ते खरं. पण नुसती लाज नव्हती. ते शिकणं नबीसाबचं असलं, तरी हात सोमलिंगचे होते. एकदा ते दाबून घेतलं असतं, तर लॉकडाऊनमध्ये नबीसाबनं मागितलेला हात कायमचा दुसऱ्याला देऊन टाकल्यासारखं झालं असतं. आणि तरी पुढचे कित्येक दिवस, चूल पेटवताना, नातवाला न्हाऊ घालताना, तिला वाटत राहिलं की द्यायला हवा होता. मल्लव्वानं कळून म्हटलं होतं. बाईचं बाईला कळलं होतं.

ती वळसंगला पुन्हा गेली. आता दर आठवड्याला जाते, अंकिता नसली तरी एसटीनं एकटीच. मल्लव्वाच्या डाव्या हाताची बोटं थोडी हलू लागली आहेत. टॉवेलाचं टोक धरता येतं, कधी कधी पेलासुद्धा, वरून कुणी आधार दिला तर. अंकिता म्हणते, सोमलिंगकाकांच्या चिकाटीचं फळ. हुसेनबी पाठ आणि खांदे बघते, हात मात्र सोमलिंगकडंच ठेवलेत. मल्लव्वाच्या त्या हाताला तिनं कधी बोट लावलं नाही, आणि मल्लव्वानंही पुन्हा ते शब्द काढले नाहीत.

मालिश झाली, की सोमलिंग चहा ठेवतो आणि हुसेनबी काही ना काही निमित्तानं थांबते. "ते डबा खाताना काय बोलायचे?" "ते कुणावर चिडायचे का?" सोमलिंगला सांगायला आवडतं. नबीसाब डब्यातली कोशिंबीर आधी खाऊन टाकायचा. शाइस्ताचा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी त्यानं सगळ्या खात्याला चहा पाजला होता. मशीन साफ करताना एकदा मांजरीची पिल्लं सापडली तर ती टोपलीत घालून रोज दूध आणायचा. या कुठल्याच गोष्टी तो घरी बोलला नव्हता. पाठीवर तेल घालून घेताना त्यानं तिला गल्लीच्या, नातेवाइकांच्या, मुलीच्या गोष्टी सांगितल्या. मागावरची एकही नाही. एका माणसाचा अर्धा दिवस तिच्याकडं होता आणि उरलेला अर्धा या खाटेशेजारी बसून तिला थोडा थोडा मिळत होता.

सोमलिंगकडच्या गोष्टी आता सरत आल्या आहेत. तो तेच तेच सांगतो, कधी माणसं अदलाबदल करतो. ती त्याला थांबवत नाही. ऐकलेलंच पहिल्यांदा ऐकल्यासारखं विचारते, "हो? मग?"

गेल्या आठवड्यात मात्र त्याला एक नवीन आठवलं. चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला, "आणि भाभी, गायचा बरं का त्यो."

"कोण? हे?"

"मग! माग सुरू झाला की तोंड सुरू. दिवसभर."

हुसेनबीनं नवऱ्याला कधी गुणगुणतानासुद्धा ऐकलं नव्हतं. ती खाटेच्या कडेवर सावरून बसली. "काय गायचे?"

सोमलिंग विचारात पडला. त्यानं डोळे बारीक केले, ओठ कसे हलायचे ते आठवून तसे हलवून पाहिले.

"ते कसं सांगू भाभी," तो म्हणाला. "मागाच्या आवाजात कुनाला काय ऐकू येतंय. नुसतं तोंड हलताना दिसायचं."

"पुन्हा करून दाखवा," हुसेनबी म्हणाली.

त्यानं पुन्हा ओठ हलवले. मल्लव्वा बघत होती. हुसेनबी पुढं वाकून, श्वास रोखून, ते ओठ वाचत राहिली.